राउटर कुणाच्या खोलीत?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका घरातून बोलावणं आलं. घरची मुलगी बारावी सायन्सला आहे, 'नीट'ची तयारी करते. तिच्या अब्बांनी घरात इंटरनेट घ्यायचं ठरवलं आणि एका कंपनीकडे नाव नोंदवलं. तीन आठवड्यांत तीनदा फोन आला. तिन्ही वेळा उत्तर एकच: "सर, तुमच्या एरियात फीजिबल नाही."

मला सोलापूरच्या या मोहल्ल्यात लोक अर्ज लिहून घ्यायला बोलावतात. ऑनलाइन फॉर्म भरायचा असला तरी बोलावतात. मी गेलो तेव्हा त्या भाईंनी पहिला प्रश्न विचारला, "भाई, ये फीजिबल क्या होता?"

मी म्हणालो, तुमच्या घरापर्यंत वायर आणणं कंपनीला जमत नाही किंवा परवडत नाही, असा त्याचा अर्थ.

ते म्हणाले, "मेन रोडपे तो खांबे को लटकरी वायर. तीन सौ फूट बी नैं."

एवढ्यात त्यांचा मोठा मुलगा मोबाईलवरची नजर न उचलता बोलला, "अब्बा, छोडो ना. मोबाईल है ना."

खरं सांगतो, कंपनीच्या उत्तराचा मला राग आला, पण त्या पोराच्या वाक्याचा जास्त आला. कंपनीचं उत्तर मी अनेक वर्षं ऐकतो आहे. "मोबाईल है ना" हे मात्र आपलं स्वतःचं आहे. आपणच तयार केलेलं आणि आपल्याच घरातल्या बायका-मुलींना ऐकवलेलं. हा लेख या दोन्ही वाक्यांविरुद्ध आहे.

घागर आणि नळ

आपल्या आया-आज्यांनी सार्वजनिक नळावरून पाणी भरलं. घागर ज्याच्या डोक्यावर, पाणी त्याच्या हातात. पुढे घरात नळ आला. तहान लागली की कुणीही उठून पेला भरून घ्यावा, कुणाला विचारायला नको.

मोबाईलचा डेटा ही घागर आहे. ज्याच्या खिशात फोन, त्याचं इंटरनेट. तो बाहेर गेला की घरातलं इंटरनेट बाहेर गेलं. तो झोपला, फोनला त्याच्या अंगठ्याचं कुलूप, की इंटरनेट झोपलं. "हॉटस्पॉट देतो ना!" असं म्हणणारे आहेत. हॉटस्पॉट हे दिलं जातं, मागावं लागतं. आणि दीड जीबीतला सव्वा जीबी संपल्यावर मागितलं की "अभी नैं, मेरा खतम होरा" हे उत्तर मिळतं.

घरातल्या जोडणीचं तसं नाही. ती घराची असते. भाऊ कॉलेजला गेला, अब्बा दुकानात बसले, तरी ती चालू राहते. अम्मी तिच्यावर बहिणीशी व्हिडिओवर बोलते, धाकटा गणित पाहतो, मोठी टेस्ट सिरीज सोडवते.

इंटरनेट वायरने येतं की हवेतून, हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा आहे. ते घरात येतं की खिशात, हा पहिला. २०२३ पासून शहरांमध्ये गच्चीवर डबा बसवून, टॉवरचा फाइव्ह-जी सिग्नल पकडून घरात राउटर देण्याची सोय आली आहे. जिथे फायबर खरंच येऊ शकत नाही, तिथे तीही चालेल. तिचा वेग त्या टॉवरवर किती गर्दी आहे यावर हलतो, म्हणून वायर मिळत असेल तर वायरच घ्या. पण तो डबा घराच्या गच्चीवर बसतो, कुणा एकाच्या खिशात जात नाही. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

यात आकड्यांची साक्षही आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लोकांना विचारलं गेलं, तुम्ही कधी इंटरनेट वापरलं आहे का? देशात ५७ टक्के पुरुष 'हो' म्हणाले. बायकांमध्ये 'हो' म्हणणाऱ्या ३३ टक्के होत्या. हा आकडा सगळ्या धर्मांचा मिळून आहे, त्यामुळे कुणी लगेच "पुन्हा मुसलमानांनाच बोलला" म्हणू नये. पण आपल्या घरांत चित्र याहून चांगलं असेल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा जवळजवळ पाण्याच्या भावाने मिळत होता. स्वस्त डेटा आला, तरी तीन वर्षांनी निम्म्याहून जास्त बायका बाहेरच राहिल्या. कारण डेटा फोनमध्ये येतो आणि फोन कुणाच्या हातात द्यायचा, हे घर ठरवतं.

माझाही गुन्हा सांगतो

दुसऱ्यांना बोलण्याआधी माझं सांगितलं पाहिजे.

२०२० साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. माझी मुलगी तेव्हा नववीत जाणार होती. जूनमध्ये ऑनलाइन तास सुरू झाले. घरात चांगला फोन एकच, माझा. मला कामावर जाणं सुरू झालं होतं. मी सकाळी साडेनऊला फोन खिशात टाकून निघायचो. तिचा तास अकराला असायचा.

मी संध्याकाळी घरी आल्यावर फोन तिला द्यायचो आणि मला वाटायचं, मी फार मोठं काम करतो आहे. ती मैत्रिणींनी पाठवलेले फोटो बघून वहीत उतरवून घ्यायची. एकदा तिची विज्ञानाची वही सहज हातात घेतली. पानापानांवर रिकाम्या जागा सोडलेल्या होत्या आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "अब्बा आल्यावर".

त्या वेळी आमच्या गल्लीत केबलवाल्याचं इंटरनेट आलेलं होतं. महिन्याला पाचशेच्या आसपास खर्च होता. मला तो परवडत नव्हता असं नाही. मी तेवढ्याचा चहा-पान-मिसळीत खर्च करत होतो. मला फक्त गरज दिसली नव्हती, कारण माझ्या खिशात इंटरनेट होतं. शेवटी डिसेंबरमध्ये जोडणी घेतली. सहा महिन्यांच्या रिकाम्या जागा तिने नंतर भरल्या, काही भरल्याच नाहीत. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवडत नाही म्हणता?

आता हिशोब करू. घरात चार फोन आहेत. रोज दीड जीबी देणारा २८ दिवसांचा रिचार्ज धरा ३०० रुपयांचा. 'महिन्याचा' म्हणून आपण भरतो तो २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. चार फोनांचे वर्षाला १५,६०० रुपये झाले.

आता दुसरा मार्ग. घरात ४०० रुपयांची जोडणी घेतली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२. वर्षाला ५,६६४. जो रोज बाहेर जातो त्याच्या एका फोनवर डेटा ठेवला, ३,९०० रुपये. बाकी तिघांना फक्त कॉलचा पॅक. हे पॅक दिलेच पाहिजेत, असं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे, पण दुकानदार ते आपणहून सांगत नाही. ८४ दिवसांचा साधारण साडेचारशेच्या आसपास पडतो, म्हणजे एका फोनला वर्षाचे दोन हजार धरा. तिघांचे सहा हजार. बेरीज १५,५६४.

म्हणजे खर्च तेवढाच. पाचशेची जोडणी घेतली तर महिन्याला शे-सव्वाशे जास्त. स्वस्त पडतं असं मी म्हणत नाही. पण तेवढ्याच पैशात रोज रात्री दहाला संपणाऱ्या डेटाऐवजी घरातल्या प्रत्येकाला पुरेल एवढं इंटरनेट मिळतं. आणि डेटाचा तो एक फोन कुणाचा, हेही बसून ठरवा. बाहेर जाणारी मुलगी असेल तर तो तिचा. मुलगा दिवसभर नाक्यावर बसत असेल, तर नाक्यासाठी कॉलचा पॅक पुरतो.

ज्या घरात दोनच साधे फोन आणि रोजंदारीची कमाई, त्यांना हा हिशोब लागू नाही, हे मला कळतं. त्यांच्यासाठी काय करायचं ते शेवटी लिहिलं आहे. पण लग्नाच्या दावतीत तीन प्रकारची बिर्याणी आणि मुलाला पंचवीस हजारांचा फोन देणाऱ्या घराने "परवडत नाही" म्हणू नये.

"लडकी बिगडेगी"

खरी अडचण पैशाची नाहीच. दार लावून, आवाज खाली आणून सांगितली जाते ती ही आहे.

या अडचणीला मोठी परंपरा आहे. लाउडस्पीकर आला तेव्हा त्यावर नमाज होते की नाही, यावर उलेमांमध्ये गंभीर वाद झाला, पुस्तकं लिहिली गेली. आज त्याच लाउडस्पीकरसाठी आपण कोर्टात जातो. फोटो हराम होता. आज जलशाचं लाइव्ह होतं आणि मौलानांचा चॅनेल असतो. टीव्ही फोडून टाका म्हणणाऱ्यांची भाषणं आता यूट्यूबवर आहेत. प्रत्येक नव्या गोष्टीला आपण आधी नाही म्हणतो, मग पुरुषांसाठी हो म्हणतो आणि बायकांसाठी वीस वर्षं थांबतो.

बिघडण्याचाच विचार करायचा तर सरळ विचार करा. एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत नाक्यावर फोनमध्ये काय पाहतो, हे कुणी विचारलं का? त्याच्या खिशातलं इंटरनेट धोक्याचं नाही आणि घरातल्या टेबलावर, अम्मीच्या डोळ्यांसमोर, अठरा वर्षांच्या मुलीने उघडलेलं इंटरनेट धोक्याचं? हे तर्कात बसत नाही. हे भीतीतही बसत नाही. हे फक्त सवयीत बसतं.

मात्र "डोळ्यांसमोर" या शब्दावरही मी थांबणार नाही, कारण मुलीवर नजर ठेवता येते म्हणून तिला इंटरनेट द्या, हा युक्तिवाद मला लाज आणतो. केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात नियम होता, संध्याकाळी सहा ते दहा मुलींनी मोबाईल वापरायचा नाही. फहीमा शिरीन नावाच्या विद्यार्थिनीने तो नियम मानला नाही. तिला वसतिगृहातून काढलं. ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घ्या. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीवर अनुराधा भसीन यांच्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९व्या कलमाखाली येतं, बेमुदत बंदी चालणार नाही.

काश्मीरचा निकाल आपण भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. फहीमा शिरीनचं नाव आपल्या एकाही जलशात मी ऐकलेलं नाही. सरकारने बंद केलेलं इंटरनेट आपल्याला दिसतं. घरात आपण बंद केलेलं दिसत नाही.

आता कंपनीकडे वळू

आपलं आपण बोललो, म्हणून समोरचा सुटला असं नाही.

"फीजिबल नाही" म्हणजे काय? फायबर कसं येतं ते आधी समजून घ्या. कंपनीच्या केंद्रातून एक काचेचा तंतू निघतो. वाटेत खांबावर किंवा भिंतीवर छोट्या पेटीत स्प्लिटर असतो, तो प्रकाश आठ, सोळा, बत्तीस घरांत वाटून देतो. पेटीतून घरापर्यंत येते ती बारीक काळी किंवा पांढरी वायर. घरात तिला एक डबा लागतो, ज्याला आपण राउटर म्हणतो. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पेटी बसली आणि तिच्यात जागा असली की बाकी काम तास-दोन तासांचं आहे. गल्लीत पेटीच नसेल तर "फीजिबल नाही". आणि पेटी कुठे बसवायची, हे कंपनी ठरवते.

माझ्याकडे पुरावा नाही की कंपनी धर्म बघून पेटी बसवते, आणि पुराव्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. गल्ल्या अरुंद असतात, खांब महापालिकेचा की वीज कंपनीचा याचा घोळ असतो, घरमालक भोक पाडू देत नाही, वायर तोडली जाते, काही जण बिल बुडवतात. ही कारणं खोटी नाहीत. पण हीच कारणं जुन्या पेठांतही आहेत, तिथे पेटी कशी पोहोचते?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात बँकांबद्दल एक निरीक्षण आहे. काही बँका विशिष्ट वस्त्या 'निगेटिव्ह झोन' ठरवत, तिथे कर्ज सहज मिळत नसे. कागदावर धर्माचा उल्लेख कुठेच नव्हता, फक्त भूगोल होता. आज कर्जाच्या जागी वायर आली आहे. मला शंका आहे, आणि ती दूर करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. तिने लेखी सांगावं: कोणत्या गल्लीत पेटी नाही, का नाही, कधी येईल.

इथे नियमातली मोठी फट दिसते. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तुमची तक्रार नोंदवून तिचा क्रमांक देणं कंपनीला भाग आहे. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं, तेही फुकट. छान आहे. पण ही सगळी व्यवस्था ग्राहकासाठी आहे. ज्याला ग्राहकच करून घेतलं नाही, त्याला तक्रार क्रमांक कुठून मिळणार? वायर तुटली तर दाद मागता येते. वायर आलीच नाही तर दाद कुणाकडे मागायची? गावांसाठी भारतनेट योजना आहे, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायचं ठरलेलं आहे. शहरातला मोहल्ला मात्र ग्रामपंचायत नाही आणि कंपनीच्या नकाशावर बाजारही नाही.

आपल्या नगरसेवकांनी गटार, नळ, दिवा यांच्यावर निवडणुका लढवल्या. वायरवर एकाने तरी लढवली का? जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. आपल्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता मोबाईलवर तेवढा तरी वेग येतो का, हे कधी मोजून बघा.

वायरचं आणखी एक कारण आपल्यासारख्यांना जास्त कळायला हवं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्यात तणाव झाला आणि इंटरनेट बंद झालं. मणिपूरमध्ये २०२३ च्या मे महिन्यात सगळंच बंद झालं होतं. जुलैच्या शेवटी अटी घालून तारेचं इंटरनेट सुरू केलं, मोबाईलचं आणखी कित्येक आठवडे बंदच होतं. मोबाईलवरच सगळं घर टाकलेल्या माणसाची परीक्षा, पगार, दवाखान्याचा रिपोर्ट, सगळं तेवढे दिवस अडकतं.

राउटर कुठे लावला?

समजा, कंपनी आली. वायर आली. इथे पुन्हा आपली पाळी.

वायर दारातून येते, म्हणून माणूस राउटर दारापाशीच लावतो, बैठकीत, टीव्हीच्या वर. त्याला पुढच्या घरी जायची घाई असते. आपणही "ठीक आहे" म्हणतो, कारण बैठकीत आपण बसतो. मुलगी बसते आतल्या खोलीत, नाहीतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. मध्ये जुनी दगडमातीची दीड-दोन फुटांची भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी.

वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या भिंतीतून बऱ्यापैकी जातात, पण वेग कमी आणि शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी त्यावरच. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण जाड भिंतीपुढे हात टेकतात. बैठकीत बसलेल्या पाहुण्याच्या फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आणि आतल्या खोलीत एकच रेघ लुकलुकते. घरातली जी जागा बायकांची, तीच नेमकी सिग्नल न पोहोचणारी जागा. मी डझनभर घरांत हे पाहिलं आहे.

उपाय साधा आहे. पहिला, राउटर घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीवर, कपाटाबाहेर लावायला सांगा. फायबरची वायर दहा-पंधरा मीटर जास्त आत न्यायला माणूस कुरकुर करेल, करू द्या. फक्त ती कोपऱ्यात काटकोनात मोडू नये, आत काच आहे. दुसरा, तेही जमत नसेल तर राउटरच्या मागच्या भोकातून लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत न्या. शंभर मीटरपर्यंत तिला काही होत नाही, आणि घरात वीस मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. काहीशे रुपयांचं काम आहे. कॉम्प्युटर असेल तर तो केबलनेच जोडा. ऑनलाइन परीक्षेच्या मधोमध वायफाय गेलं, ही तक्रार मग राहत नाही. तिसरा, दिवे जातात तेव्हा राउटर चालू राहावा म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या.

माणूस निघण्याआधी त्याच्याकडच्या मीटरवर प्रकाशाची पातळी बघायला मागा. आकडा उणे असतो. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर जोडणी आज ना उद्या रुसणार. राउटरवर लाल दिवा लागला तर बिघाड बहुतेकदा वायरचा असतो, डबा बंद-चालू करत बसू नका, तक्रार नोंदवा.

आणि पासवर्ड. डब्यावर छापलेला असतो तो पहिल्या दिवशी बदला. घरातल्या प्रत्येकाला तो माहीत असावा, अम्मीलाही. घराबाहेर कुणालाच नसावा. शेजाऱ्याला नाही म्हणणं आपल्याला कठीण जातं, मलाही जातं. पण जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईतल्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. पोलीस आधी त्याच्याच दारात आले. तो अमेरिकन होता. आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या दारात ते आले असते तर पुढे काय झालं असतं, हे मी लिहायची गरज नाही. शेजाऱ्याला मदत करायची तर त्याला स्वतःची जोडणी घ्यायला मदत करा.

करायचं काय?

एकेकट्याने फोन करून "फीजिबल" होत नाही. कंपनीला एका घरासाठी पेटी परवडत नाही, वीस घरांसाठी परवडते. म्हणून वीस घरांच्या नावा-पत्त्यांचा एकच अर्ज करा, लेखी उत्तर मागा, प्रत नगरसेवकाला आणि महापालिकेला द्या. घरमालकांनी भोक पाडू द्यावं, हे जमातीच्या बैठकीत सांगा.

ज्यांना खरोखर परवडत नाही, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० पासून केंद्र सरकारची पीएम-वाणी योजना आहे. कुठलाही दुकानदार किंवा संस्था परवान्याशिवाय, नोंदणीच्या फीशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकते. आपल्याकडे अंजुमनचे हॉल आहेत, शादीखाने आहेत, मदरशाच्या खोल्या दुपारनंतर रिकाम्या असतात. तिथे एक जोडणी, सहा टेबलं आणि सहा जुने कॉम्प्युटर बसले तर तीस मुलांची सोय होते. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, तेवढीही तडजोड मला चालेल, पण वेळ ठेवा. पहिल्या वहीचा पहिला शब्द 'वाच' होता, हे दर जुम्म्याला सांगणाऱ्यांनी एका वर्षाचं बिल भरावं.

त्या बारावीच्या मुलीच्या घरचं सांगून थांबतो. आम्ही गल्लीतल्या बावीस घरांच्या सह्या घेतल्या. कंपनीने लेखी उत्तर अजून दिलेलं नाही, अर्ज तसाच आहे आणि आम्ही महिन्याला आठवण देतो. दरम्यान जवळच्या केबलवाल्याने सह्यांचा कागद पाहिला आणि आठ दिवसांत पेटी बसवली. जोडणी करायला पोरगा आला तो सरळ बैठकीत ड्रिल घेऊन उभा राहिला. मी म्हणालो, राउटर आत लावायचा आहे. तो म्हणाला, "सब हॉल में ही लगाते चाचा."

त्यावर बोलल्या त्या मुलीच्या दादी. पंचाहत्तरी उलटलेल्या. मोबाईल वापरत नाहीत, शाळेत कधी गेल्या नाहीत. म्हणाल्या, "हॉल में कौन पढ़ता बेटा? पढ़ने वाली तो अंदर है."

पोराने ड्रिल उचलला आणि आत गेला. पंधरा मीटर वायर जास्त लागली.